मोहाखालच्या गोष्टी आणि शाळेचे दप्तर

पहिलीत पाऊल टाकणारे मूल शाळेत येते ते पाच-सहा वर्षांची भाषा बरोबर घेऊन. भामरागड अथवा एटापल्ली तालुक्यातील माडिया किंवा गोंड मुलाला मात्र ही शिदोरी वर्गाच्या दाराशीच, वहाणांच्या शेजारी, उतरवून ठेवावी लागते. फळ्यावर 'पाणी' लिहिलेले असते. गोंडीत त्याला 'येर' म्हणतात. शिक्षक कितीही कळकळीचा असला तरी त्याला गोंडी येत नसेल तर पहिले काही महिने वर्गात एक विलक्षण शांतता असते. त्या शांततेला आपण बुजरेपणा म्हणतो, क्वचित मंदबुद्धीही म्हणतो. वास्तविक ते मूल घरी अखंड बडबडत असते.

या शांततेवर अलीकडे एक उपाय सांगितला जातो. त्याला 'डिजिटल कथाकथन' असे भारदस्त नाव आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात काही कलावंतांनी सामान्य माणसांना स्वतःच्या आवाजात आणि स्वतःच्या चित्रांनिशी दोन-तीन मिनिटांची गोष्ट संगणकावर रचायला शिकविले. तेथून ही कल्पना शाळांत आली. नावाने बिचकण्याचे कारण नाही. मुलाने गोष्ट सांगावी, तिची चार चित्रे काढावीत, शिक्षकाने आपल्या फोनवर आवाज मुद्रित करून चित्रांना जोडावा आणि ती गोष्ट दुसऱ्या गावच्या मुलांनी ऐकून उत्तर धाडावे, एवढाच हा व्यवहार आहे.

त्याचे मूळ तर यंत्रयुगाहूनही जुने आहे. दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यातील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात वर्गात लहानसे छापयंत्र आणले. मुले आपले अनुभव सांगत, ते खिळे जुळवून छापले जात आणि दूर ब्रिटनीच्या सागरकिनाऱ्यावरील शाळेकडे टपालाने जात. डोंगरातल्या मुलांना कोळ्यांची हकीकत कळे, किनाऱ्यावरच्या मुलांना डोंगरातली. आपल्या लिहिण्याची कोणी तरी वाट पाहत आहे, हे कळल्यावर मुलाला शुद्धलेखनाचेही महत्त्व आपोआप पटते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा काढून शाळाच गुरे चारणाऱ्या मुलांपाशी नेली, ती याच समजुतीने.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाहू. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की पहाटेच घरदार टोपल्या घेऊन झाडाखाली जाते आणि वर्गातील हजेरी रोडावते. शिक्षक ती गैरहजेरी म्हणून नोंदवितो. नोंदवणे त्याला भागच आहे. पण त्या पहाटेत काय नसते? अंधारात टपटपणारी फुले, त्याच फुलांसाठी येणाऱ्या अस्वलाची धास्ती, आजीने सांगितलेला मोहाच्या झाडाचा मान. सहा वर्षांच्या मुलाला हे लिहिता येणार नाही, परंतु सांगता नक्कीच येईल, आणि आपल्या भाषेत सांगू दिले तर थांबविणे कठीण होईल. त्याने सांगितलेली चार वाक्ये आधी देवनागरीत गोंडीतून, मग शेजारी मराठीतून फळ्यावर उतरली, की तोच त्या वर्गाचा धडा झाला. मुलाला आशय पाठ असतो. उरते ते फक्त अक्षर ओळखणे. गोंडी न येणाऱ्या शिक्षकाने गावातील एखाद्या जाणत्या बाईला वर्गात बसवावे. त्यात कमीपणा नाही, उलट शिक्षकही थोडा विद्यार्थी होतो.

आणि ही गोष्ट ऐकणार कोण? घुग्घूस-बल्लारपूरच्या कोळशाच्या धुळीत वाढणारे मूल. त्याच्या गोष्टीत खाणीचा भोंगा असेल, वडिलांची रात्रपाळी असेल, कदाचित वस्तीलगत दिसलेला वाघही असेल. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा निघेपर्यंत हा सारा मुलूख एकच जिल्हा होता, तरी या दोन मुलांची ओळख आपण कधी करून दिली नाही.

काही कामे झाली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर संकेत जोडून त्यामागे ध्वनी आणि चित्रफिती ठेवल्या. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सीजीनेट स्वर या संस्थेच्या प्रयत्नांतून २०१८ च्या सुमारास प्रथम बुक्सच्या बालकथा गोंडीत आल्या. मराठी, तेलुगू आणि हिंदी यांच्या छायेत वाढलेल्या गोंडीच्या निरनिराळ्या बोलींचा मेळ घालण्याचा खटाटोपही याच मंडळींनी केला. हे सारे स्तुत्य आहे. तथापि या कथांचा प्रवास बहुधा शहराकडून रानाकडे होतो. मोहाखालच्या मुलाची गोष्ट उलट दिशेने निघाली पाहिजे, आणि त्यासाठी टॅबलेटांच्या खरेदीची निविदा काढावी लागत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. तेथे 'नेटवर्क' असेलच असे धरून योजना आखणे हा भाबडेपणा होय. आवाज फोनमध्ये साठवावा. केंद्रशाळेच्या बैठकीस जाताना तो पुढे द्यावा.

पालकांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. "आमची भाषा पोराला घरी येतेच, शाळेत मराठी शिकवा, नोकरी तिच्यात आहे," असे ते म्हणतात, आणि त्यांना चुकीचे ठरविण्याचा अधिकार नोकरीत असलेल्या आपणांस नाही. परंतु मराठीकडे जाण्याचा पूल गोंडीच्या काठावरूनच निघावा लागतो. शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच काढली, तेव्हा तिच्यापुढे मान्यतेचाच प्रश्न उभा राहिला. २०११ च्या जनगणनेत एकोणतीस लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदविली, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही.

एक जोखीमही आहे. मुलाचा आवाज आणि चेहरा एकदा महाजालावर गेला की परत येत नाही. हौशी शिक्षक आपल्या शाळेची फीत जगाला दाखवायला उतावीळ असतात. त्यांनी आधी आईबापांना विचारावे, आणि गोष्ट दोन शाळांपुरतीच ठेवली तरी बिघडत नाही. देवाधर्माच्या काही कथा गावाबाहेर सांगायच्या नसतात, हेही गावालाच विचारावे.

शेवटी एक कारकुनी बाब, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिक्षकाची बदली होते आणि फोन त्याच्या खिशातून जातो. दोन वर्षांत जमलेल्या पन्नास-साठ गोष्टी त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात निघून जातात आणि नवा शिक्षक पुन्हा त्याच शांत वर्गात उभा राहतो. शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत खुर्च्या, फळे, घंटा यांची नोंद होते. त्याच नोंदवहीत एका ओळीत लिहावे: मुलांच्या गोष्टी, ध्वनिमुद्रित, नग अमुक, एका पेनड्राइव्हमध्ये. आणि चार्ज देता-घेताना दोघांनी त्या ओळीखाली सही करावी.