दाटीतले एकाकीपण
(लेखांक सहावा)

मागील लेखांकात मुले परगावी स्थायिक झालेल्या वृद्ध दांपत्यांचा विचार झाला. तेथे घरातील माणसेच कमी झालेली असल्याने दुःखाचे कारण उघड दिसत होते. प्रस्तुत लेखांकाचा विषय त्याहून अवघड आहे, कारण येथे घर भरलेले असते, गल्ली जागती असते, गाडीच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि तरीही मनातले सांगावे असे एकही माणूस जवळ नसते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे केले. शेजारी, सहकारी, मित्रमंडळी यांचे जाळे नसल्याने जे रितेपण येते त्याला त्यांनी सामाजिक एकाकीपणा म्हटले, आणि ज्याच्यापाशी भय, लाज व दुःख निःशंकपणे उघडे करता येईल असे जिव्हाळ्याचे माणूस नसल्याने जी वेदना होते तिला भावनिक एकाकीपणा. एका प्रकारच्या नात्यांची उणीव दुसऱ्या प्रकारच्या नात्यांनी भरून निघत नाही, हे त्यांच्या मांडणीतील सर्वांत मोलाचे निरीक्षण होय. आपल्याकडे मात्र माणसांत राहणाऱ्याला कसला आला एकटेपणा, असे गृहीत धरून नेमकी हीच गोष्ट नजरेआड केली जाते.

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ पश्चिमेला असलेल्या बुवापाड्यासारख्या वस्तीकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. या परिसरात २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक आणि अंबरनाथची सुमारे अडीच लाख होती, तर २००१ मध्ये लाखाच्या आत असलेले बदलापूर दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेले होते. ऑर्डनन्स फॅक्टरी, एमआयडीसीतील रासायनिक कारखाने आणि मुंबईच्या मानाने परवडणारी घरे यांच्या ओढीने कोकणातून, घाटावरून, खानदेश-मराठवाड्यातून आणि उत्तर भारतातून कुटुंबे या पट्ट्यात येत राहिली. अशा कामगारवस्त्यांत सामाजिक एकाकीपणा तुलनेने कमी आढळतो: गणेशोत्सवाचे मंडळ असते, जयंतीची मिरवणूक असते, बचत गट, भिशी आणि भजन असते, आणि मयताच्या घरी न बोलावता माणसे जमतात. या साऱ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की मयताच्या घरी जमणाऱ्या या माणसांना ज्या दुःखाला तिरडी नसते ते दुःख दिसते का.

त्याचे उत्तर शोधताना अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाची एक संकल्पना उपयोगी पडते. माणूस इतरांसमोर वावरताना विशिष्ट भूमिका वठवत असतो आणि ती उतरवून ठेवण्यासाठी त्याला रंगमंचामागची जागा लागते, असे त्यांनी मांडले. बंगल्यात किंवा तीन खोल्यांच्या सदनिकेत अशी जागा दाराआड मिळते. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे स्वयंपाक, अभ्यास, आजारपण आणि झोप एकाच छताखाली पार पडतात आणि पत्र्यापलीकडचे भांडण शब्दन् शब्द ऐकू येते, तिथे रंगमंचामागची जागा उरतच नाही. दाट वस्तीतील माणूस एकाकी होतो तो कोणी पाहत नाही म्हणून नव्हे, तर सतत कोणीतरी पाहत असते म्हणून. रडायलाही आडोसा लागतो आणि तो नसला की माणूस रडणे आतल्या आत जिरवायला शिकतो.

हे लपवणे म्हणजे केवळ भिडस्तपणा नव्हे, तर त्यामागे रोकडा हिशेब असतो. नवऱ्याची नोकरी सुटल्याचे गल्लीत पसरले तर दुकानदार उधारी बंद करील, मुलगी कोणत्या गोळ्या घेते हे कळले तर स्थळ परत जाईल, कंत्राटदाराला कामगाराच्या मनःस्थितीचा सुगावा लागला तर पुढच्या महिन्यात बदली माणूस येईल, ही भीती काल्पनिक नसते. त्यातच १९०१ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय ठाण्याला असल्याने या भागात ‘ठाण्याला न्यायला हवे’ हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि ज्या गावाला रोज कामाला जायचे त्याच्याच नावाने वेड्यात काढले जाण्याच्या धास्तीने कित्येकांची पावले उपचाराआधीच थबकत असतील.

परंतु जे लपवणे अब्रूचे रक्षण करते तेच आधाराची वाटही बंद करते. भावनेची बाह्य खूण प्रयत्नपूर्वक दाबणे याला मानसशास्त्रात अभिव्यक्तीचे दमन म्हणतात. जेम्स ग्रॉस व ऑलिव्हर जॉन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, असे दमन करण्याची सवय असलेल्यांना इतरांकडून मिळणारा आधार आणि नात्यांतील जवळीक कमी असल्याचे आढळले. भावना दाबल्याने ती नाहीशी होत नाही, चेहऱ्यावर मात्र दिसेनाशी होते, आणि समोरच्याला काहीच न दिसल्यामुळे तो विचारपूस करीत नाही. मग कोणी विचारत नाही ही खंत माणसाला आणखी गप्प करते.

बोलण्याची वाट अशी बुजली की शरीर बोलू लागते. मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी कर्नाटकातील दक्षिण कन्नड भागातल्या स्त्रियांच्या अभ्यासावरून १९८१ मध्ये व्यथेची भाषा ही संकल्पना मांडली: ज्या समाजात मनाचे दुखणे उघड सांगता येत नाही, तिथे ते समाजमान्य अशा दुसऱ्या रूपात सांगितले जाते. डोके धरले आहे, पित्त उसळते, अंगात ताकद नाही, जीव घाबरा होतो, या तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या बाईच्या बाबतीत हे रूप ओळखता आले पाहिजे. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनात पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षाही मानसिक-सामाजिक ताणाशी अधिक घट्ट असल्याचे दिसून आले होते. अशा बाईला केवळ टॉनिकची बाटली देऊन परत पाठवणे म्हणजे तिने मोठ्या कष्टाने शोधलेली एकमेव वाट बंद करणे होय.

पुरुषांची कोंडी वेगळ्या जागी होते. अंबरनाथहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे साठ किलोमीटर आहे. रोजच्या गाडीत ठरलेला डबा, ठरलेली माणसे, भजन, पत्ते, वाढदिवसाचा पेढा असा वर्षानुवर्षांचा ग्रुप जमतो आणि त्यात खरी माया असते. तथापि त्या मायेला विषयांची अलिखित मर्यादा असते. साहेबाला शिव्या देता येतात, गुडघेदुखी सांगता येते. पण घरी जावेसे वाटत नाही, हे वाक्य त्या दाटीत उच्चारता येत नाही. निवृत्तीनंतर गाडी सुटते, तेव्हा तेवढाही आधार एका दिवसात जातो.

उल्हासनगरच्या इतिहासात या मौनाचे सामुदायिक रूप आढळते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी छावणीत आसरा मिळाला, १९४९ मध्ये वसाहतीला आजचे नाव मिळाले, आणि आजही तिथला पत्ता ‘कॅम्प’च्या क्रमांकाने सांगितला जातो. ज्या पिढीला धंदा उभा करण्यावाचून गत्यंतर नव्हते तिने शोक करण्यासाठी किती अवधी काढला असेल, याचा विचार या शहराच्या उद्यमशीलतेचे कौतुक करताना सहसा केला जात नाही.

एकाकीपणा हा श्रीमंत देशांचा आजार आहे, ही समजूतही तपासायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातील दर सहापैकी एका माणसाला एकाकीपणाची झळ बसते, आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के, तर उच्च उत्पन्नाच्या देशांत ११ टक्के आहे. भारतापुरते पाहिले तर निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्यांत नव्हता) मानसिक विकारांच्या विविध प्रकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. एकाकीपणा हा स्वतः विकार नव्हे. परंतु तो लांबला की नैराश्याचा धोका वाढतो.

ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस ही सरकारी, निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. ही सोय निश्चितच मोलाची आहे. मात्र एका खोलीच्या घरातून हा फोन कुठे बसून करायचा, हा प्रश्न तिच्या आखणीत कोणीतरी गंभीरपणे विचारायला हवा. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात बाक मांडून प्रशिक्षित आज्यांकरवी समुपदेशन सुरू केले, आणि गोव्यात ‘संगात’ संस्थेने स्थानिक, पदवीने डॉक्टर नसलेल्या व्यक्तींना हेच काम शिकवले. दोन्हीकडे उपचार माणसाच्या रोजच्या वाटेवर आणले गेले. बुवापाड्यासारख्या वस्तीसाठी पालिकेच्या दवाखान्यातील दार लावता येईल अशी एक खोली आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे बसणारी प्रशिक्षित बाई एवढ्यावर सुरुवात होऊ शकेल. अट एकच, की दारावरची पाटी रक्तदाब तपासणीची असावी, म्हणजे आत जाणाऱ्याला गल्लीत सांगण्याजोगे कारण राहील.