चाचणी निगेटिव्ह, तरी मैदानाबाहेर का?

कबड्डी मंडळातल्या एका खेळाडूला करोना झाला की बाकीचे दुसऱ्याच दिवशी चाचणी करतात आणि ती निगेटिव्ह आली की सरावाला उतरतात. समज स्वाभाविक आहे, पण चुकीचा. प्रत्येक विषाणूचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचे दिवस) असतो. विरजण लावून तासाभरात झाकण उघडले, तर दूधच दिसते, तसेच दुसऱ्या दिवशीच्या चाचणीचे: संसर्ग झालेला असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. २०२० मध्ये हा काळ २ ते १४ दिवसांचा धरला जाई, म्हणून संपर्कातल्यांना १४ दिवस घरी थांबवत. कबड्डीत तर चढाई करणारा सतत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत असतो आणि पकडीत चार-पाच जणांचे चेहरे एकमेकांजवळ येतात. त्यामुळे कोण संपर्कात होते हे कळावे म्हणून मंडळांनी सरावाची हजेरी रोज लिहावी, आणि ताप आलेल्या खेळाडूने सामना असला तरी कळवून घरीच थांबावे.