वरचे टाके सुकले, पण आतल्या पिशवीचं काय?

सिझर झालेली लेक किंवा सून घरी आली की आठ-दहा दिवसांत वरचे टाके सुकतात. मग चिल्ला होतो, चाळीस दिवस भरतात आणि घरातले धरून चालतात की आता ही पहिल्यासारखी झाली. धुणं, पाण्याच्या कळशा, सगळं परत तिच्याकडे. पण आपल्याला दिसतो तो फक्त कातडीवरचा व्रण. आत गर्भाशयावर, म्हणजे आपल्या भाषेत पिशवीवर, दुसरा व्रण असतो. तो भरायला जास्त वेळ घेतो.

सिझरमध्ये कातडी, चरबी, स्नायूंवरचं जाड आवरण आणि शेवटी पिशवी असे थर एकेक करून उघडतात. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. पिशवीवरचा छेद हल्ली बहुतेक वेळा खालच्या पातळ भागावर आडवा घेतात, कारण तिथे रक्त कमी जातं आणि जखम चांगली भरते. आतले टाके विरघळणाऱ्या धाग्याचे असतात, ते काढावे लागत नाहीत.

बाळंत होताच पिशवीचं वजन साधारण 1 किलो असतं आणि ती बेंबीपर्यंत लागते. दोन आठवड्यांत ती खाली ओटीपोटात उतरते आणि सहा आठवड्यांत 100 ग्रॅमच्याही खाली येते. बाळ अंगावर पितं तेव्हा पोटात कळ येते ना, ती याचीच. दूध पाजताना ऑक्सिटोसिन नावाचा हार्मोन सुटतो आणि पिशवी आवळते. म्हणजे नानी-दादींचा चाळीस दिवसांचा हिशेब अगदीच हवेतला नव्हता! फक्त पिशवी लहान होणं वेगळं आणि तिची शिवण पक्की होणं वेगळं.

शिवणीच्या जागी आधी सूज येते, मग कोलॅजनचे नवे धागे तयार होतात आणि पुढे महिनोन्महिने ते धागे मजबूत होत राहतात. एमआरआय तपासण्यांत हा व्रण पक्का व्हायला किमान सहा महिने लागतात असं दिसलं आहे. अंगात रक्त कमी असेल, साखर वाढलेली असेल, जखमेत पू झाला असेल किंवा मशेरीची सवय असेल तर आणखी उशीर. हरीरा, डिंकाचे लाडू जरूर द्या, पण डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या त्यामुळे बंद करू नका. दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं चालणं चांगलं, त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पहिले सहा आठवडे मात्र बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही.

आता जो विषय घरात कुणी काढत नाही तो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहायला किमान 24 महिने जाऊ द्यावेत. एक आडव्या छेदाचं सिझर झालेल्या बाईला पुढच्या वेळी कळा देऊन बाळंत करताना पिशवी शिवणीवर फाटण्याचा धोका साधारण 200 मध्ये 1 असतो. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर तो वाढतो. शिवाय जितकी सिझर जास्त, तितकी वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची भीती जास्त, आणि अशा वेळी रक्तस्राव थांबवायला पिशवीच काढावी लागू शकते. अंतर कसं ठेवायचं हे नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारावं. नवऱ्यानेही सोबत जावं, तिला एकटीला पाठवू नये. तांबी, अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतं.

ताप, अंगावरून घाण वासाचं जाणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, जखमेतून पू, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

आणि डिस्चार्ज कार्ड! बरीच घरं ते बाळाच्या जन्मदाखल्यापुरतं सांभाळतात. पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, हे त्यातच लिहिलेलं असतं, वरच्या व्रणावरून ते कळत नाही. उभा छेद असेल तर पुढच्या वेळी कळांची वाट न बघता आधीच सिझर ठरवतात. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठेवा, आणि पुढच्या वेळी पहिल्याच तपासणीला दाखवा.