कावळ्यासमोर दिलेला शब्द

बेळगाव-निपाणीकडच्या मराठी वर्तमानपत्रात निधनवार्तेच्या शेवटी एक ओळ हमखास असते: रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी. बहुधा तिसऱ्या दिवशी. रक्षा मार्कंडेयेत किंवा वेदगंगेत सोडतात. अलीकडे काही घरं ती आपल्याच शेतात पसरून वर आंब्याचं रोप लावतात.

त्या सकाळी निवद ठेवल्यावर खरी घालमेल सुरू होते. पानात मयताच्या आवडीचं सगळं असतं, चहा आणि तंबाखूसुद्धा. माणसं मागं सरून कावळ्याची वाट बघतात. तो शिवला नाही की कुजबुज होते, ‘कशात तरी जीव अडकलाय.’ मग भावकीतला वडीलधारा पुढं होऊन मोठ्यानं सांगतो, ‘काळजी करू नको, धाकटीचं लगीन आम्ही लावतो.’ कावळा येणं योगायोग समजा. चारचौघांत दिलेला शब्द मात्र उरतो, आणि गेलेल्यावरची माया मागं राहिलेल्यांच्या जबाबदारीत उतरते. सगळ्या क्रियाकर्मांत मला हाच भाग सर्वांत शहाणा वाटतो.

मानसशास्त्राला इथवर यायला वेळ लागला. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं म्हणजे सावरणं, असं फ्रॉइडनं १९१७ साली मांडलं. १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी गेली. नऊ वर्षांनी एका मित्राला लिहिताना ती जागा भरून निघत नाही, हे त्यानंच कबूल केलं. पुढं १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या पुस्तकानं ठामपणे सांगितलं की नातं संपत नाही, त्याचं रूप पालटतं, आणि तो काही आजार नव्हे.

दुःखात रुतून बसणंही असतंच. ‘लांबलेला शोक’ हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये स्वीकारलं. प्रौढांसाठी किमान मुदत १२ महिने. आपलं वर्षश्राद्धही तेवढ्यालाच! त्यानंतरही माणूस उभारी धरत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

वर्षानंतर दर भाद्रपदात म्हाळ असतोच. पण या भागात एक स्मरण घराबाहेरही होतं. जानेवारी १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेच्या निर्णयाविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला. निपाणीच्या कमळाबाई मोहिते त्यात गेल्या. दर १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं, आणि ज्यांनी त्यांना पाहिलंही नाही अशी नातवंडांच्या वयाची मुलं तिथं येतात.

नातं जपण्याची ही मुभा सगळ्यांना सारखी नाही. मुलगा पिंड देऊन बापाशी नातं राखतो. बायकोला मात्र नवऱ्याची खूण त्याच दिवशी उतरवावी लागते. बांगड्या फुटतात, कुंकू पुसलं जातं, मंगळसूत्र निघतं, तेही बहुतेकदा बायकांच्याच हातून. कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव करून ही प्रथा बंद केली. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक हद्दीपाशी थांबलं. शिरोळ-कागलच्या लेकी निपाणी-चिकोडीत नांदतात, तिकडच्या इकडे येतात, आणि मयताला दोन्हीकडची बायामाणसं जमतात. कुंकवाच्या करंड्याचं काय करायचं, हे अजून तरी त्या गर्दीतली वडीलधारी बाईच ठरवते.