पिल्लू नर की मादी? जात कुठली? पैसे मोजण्याआधी हे वाचा



१ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ. बोटी शाकारलेल्या, हातात पैसा कमी. अशा वेळी दारावर पिल्लंवाला आला की घरातल्या बायका दहा-वीस पिल्लं घेऊन टाकतात. तो सांगतो, "ताई, सगळ्या माद्याच आहेत. ओरिजिनल वनराजा." सहा महिने दाणा घातल्यावर कळतं की निम्मे कोंबडे आहेत आणि जातीचा तर पत्ताच नाही. म्हणून आज आम्ही हा विषय घेतलाय.

एक दिवसाचं पिल्लू बघून कळतं का?

आपल्या गावठी आणि परसातल्या सुधारित जातींत नुसतं बघून कळत नाही. टोकदार अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी, पाय धरून उलटं केलं की मान वर करतो तो नर, या सगळ्या ऐकीव गोष्टी. नर की मादी हे कवच तयार व्हायच्या आधीच कोंबडीच्या पोटात ठरलेलं असतं. अंड्याच्या आकाराचा त्याच्याशी संबंध नाही.

खात्रीचे मार्ग आहेत, पण ते मोठ्या हॅचरीतले. पिल्लाचं गुदद्वार हलकेच दाबून आतली बारीक गाठ बघायची पद्धत जपान्यांनी शोधली आणि १९२७ साली कॅनडात ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत जगापुढे मांडली. त्याला बराच सराव लागतो. घरी करायला गेलात तर पिल्लू मरेल. दुसरा मार्ग पंखाचा. काही संकरांत पहिल्या एक-दोन दिवसांत मादीची पंखाची पिसं वरच्या आच्छादनाच्या पिसांपेक्षा लांब दिसतात, नराची सारखी किंवा आखूड. तिसरा मार्ग रंगाचा. तपकिरी अंडी देणाऱ्या काही लेअर संकरांत मादी तांबूस आणि नर पिवळट निघतो. पण हे दोन्ही मार्ग फक्त त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या संकरांतच चालतात. गावठी पिल्लाचा पंख उघडून "ही मादी" असं कोणी सांगितलं तर तो अंदाजच.

आणि ती गुलाबी-हिरवी रंगवलेली स्वस्त पिल्लं? ती बहुतेक लेअर हॅचरीतले नर. अंडी देत नाहीत, अंगही धरत नाहीत, म्हणून तिथून काढून टाकलेले. पोरांच्या हट्टासाठी घेतलीत तर ठीक, अंड्यांच्या आशेने घेऊ नका.

मग कधी कळतं?

पाच-सहा आठवड्यांनी चित्र बरंच स्पष्ट होतं.

– नराचा तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी लवकर वाढते, लाल होते. मादीची फिकट आणि लहान राहते.
– नराचे पाय जाड, उभं राहणं ताठ.
– दहा-बारा आठवड्यांनी मानेची आणि कंबरेची पिसं बघा. नराची लांब, टोकदार, चकचकीत. मादीची टोकाला गोल.
– असील जातीचा तुराच मुळात बारीक असतो. तिथे तुऱ्यावर जाऊ नका, पिसं बघा.

वनराजा, ग्रामप्रिया ही नावं आली कुठून?

पिल्लंवाल्याच्या तोंडी असलेली ही दोन्ही नावं हैदराबादची. तिथे राजेंद्रनगरला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. परसातल्या पालनासाठी त्यांनी या जाती तयार केल्या. वनराजा अंडी आणि मांस दोन्हीसाठी. परसात वर्षाला साधारण १०० ते ११० अंडी. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी, साधारण १६० ते १८०. म्हणजे नाव बदललं की हिशोबही बदलला.

पण वनराजाची पिल्लं एकाच रंगाची निघत नाहीत. त्यामुळे रंगावरून जात ओळखता येत नाही. जात ओळखायची ती बिलावरून: हॅचरीचं नाव, पिल्लं निघाल्याची तारीख आणि मरेक्सची लस दिल्याची नोंद. बिल नाही तर "ओरिजिनल" शब्दाला किंमत नाही. आणखी एक, या जाती संकरित आहेत. घरच्या वनराजाची अंडी उबवून पुढची पिल्लं तशीच निघत नाहीत, दर वेळी नवी आणावी लागतात.

कडकनाथचं मात्र बघून बरंच कळतं. झाबुआच्या या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पिल्लू निळसर काळं असतं, पाठीवर गडद पट्टे. काळं पिल्लू ऑस्ट्रेलॉर्प जातीचंही असतं, पण त्याचं पोट पांढरट-पिवळं आणि कातडी पांढरी. म्हणून पिसं बाजूला करून कातडी बघा. कडकनाथची काळपट असते, जीभही काळसर. आणि जात खरी असली तरी नफ्याच्या मोठ्या बाता ऐकून पैसे गुंतवू नका. २०१९ साली उघड झालेलं सांगली जिल्ह्यातलं कडकनाथ प्रकरण विसरू नका.

आपल्या घरासाठी खास

आपल्याकडे कोंबड्यांना मासळीचे तुकडे, जवळा पडतोच. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांना मासळी जास्त झाली तर अंड्याला मासळीचा वास येतो. गिऱ्हाईक परत येत नाही. अंडी विकायची असतील तर मासळी बेताची ठेवा. खारवलेली मासळी पिल्लांना अजिबात नको, मिठाने पिल्लं दगावतात.

हिशोब कसा करायचा?

परसातल्या जातींची एक दिवसाची पिल्लं बहुधा नर-मादी मिसळूनच मिळतात. २० घेतलीत तर १० तलंगा धरा, त्यातून मरतूक वजा. "सगळ्या माद्या" म्हणून जादा पैसे देऊ नका. माद्याच हव्या असतील तर सहा आठवडे वाढवलेले पक्षी घ्या. महाग पडतात, पण तुरा डोळ्यांनी बघून निवडता येतात आणि नाजूक दिवसही निघून गेलेले असतात.

वेळही महत्त्वाची. वनराजा साधारण १७५ दिवसांनी अंड्यावर येते. जूनमध्ये घेतलेलं पिल्लू बंदीत काहीच देणार नाही. बंदीत अंडी हवी असतील तर पिल्लं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घरात हवीत. नर विकायचे असतील तर मार्चमध्ये घ्या, गटारीपर्यंत तयार होतात. श्रावण लागला की मागणी पडते.

पिल्लांसाठी मुंबईकरांनी गोरेगावच्या आरे वसाहतीतल्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेत चौकशी करावी. बाकीच्यांनी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाला विचारावं. पाच-सहा घरांनी मिळून मागणी नोंदवली तर आणण्याचा खर्च वाटला जातो आणि बिलही हातात येतं.

ही पोस्ट घरातल्या बायकांपर्यंत नक्की पोचवा. पिल्लंवाल्याशी बोलणी त्याच करतात.