उलटी चढलेली जीप

सपाटीवर जीप वाऱ्यासारखी पळायची. केनवडच्या शिवारात तिला अडवील असा चढही नाही; पण आमच्या पांदणीत एक नाला लागतो, आणि पावसाने कापलेला त्याचा काठ चढताना गाडीचं नाक आभाळाकडे होतं. नेमकी तिथेच ती तीन-चार डचके खायची आणि बंद पडायची.

गाडी जुनी एमएम ५४०. इंजिन प्यूजोच्या परवान्यावर महिंद्राने बनवलेलं, एक्सडीपी ४.९०. नावातला चार म्हणजे सिलिंडर, नव्वद म्हणजे मिलिमीटरमधला बोअर. एकूण २११२ सीसी. मी हौसेने पाटे उंचावले, रुंद टायर चढवले, मूळ टाकी काढून मागे लांबट, मोठी टाकी वेल्ड करून घेतली. (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेव्हा मला आठवलं नव्हतं.)

दोन गॅरेजं झाली होती. फिल्टर बदलला, फीड पंपात नवा किट पडला, नोझल तपासून आले. दर वेळी एअर काढली की गाडी सुरू, बिल देऊन मी घरी. फसगत तिथेच होत होती. नोझल उघडायला शंभर बारच्या वर दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबतच नाही, म्हणून तो चढतो. लाइनीत हवा आली की पंपाचा सारा जोर तिलाच दाबण्यात जातो आणि नोझल तोंड उघडत नाही. पण हवा काढली म्हणजे ती येणं थांबलं असं थोडंच आहे?

केनवडच्या मिस्त्रीने पान्याला हातच लावला नाही. म्हणाला, "नाल्यावर चाला. इथं काय दिसनार हाये?"

तिथे त्याने पाच लिटरचा कॅन बॉनेटच्या कडेला बांधला आणि त्यातून थेट फीड पंपाला नळी जोडली. जीप काठ चढून गेली. म्हणजे पंप, फिल्टर, नोझल, ज्यांच्यावर माझे पैसे गेले ते सगळे निर्दोष. मग टाकीची लाइन परत जोडली, पण मध्ये हातभर पारदर्शक नळी घातली. सपाटीवर नळीत डिझेल अखंड. चढावर आधी मण्यांसारखे बुडबुडे, मग नुसता फेस. टाकीचं झाकण सैल करून पाहिलं, तरी तेच. म्हणजे ब्रीदरही चोंदलेला नव्हता.

थोडा वेळ तो टाकीकडे बघत उभा राहिला.

"आता उलटी चढवा, भाऊ."

मला वाटलं, थट्टा करतोय. रिव्हर्स टाकला. तोच काठ, तोच उतार, आणि जीप शेपटी वर करून गुमान चढली. नळीत एक बुडबुडा नाही.

"नळी पुढच्या तोंडाले बसवली त्यानं," तो म्हणाला. "नाक वर झालं की डिझेल मांगं जाते. मंग ते हवाच पेते ना! टाकी फुल असली तं बंद पडते काय?"

नव्हती पडत. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण टाकी फुल असायची कधी?

पुढचं काम दीड दिवसाचं. टाकी उतरवली, डिझेल काढून धुतली, वेल्डिंगआधी पाण्याने भरली; डिझेलची वाफ रिकाम्या टाकीतच घात करते. ओढणारी नळी मधोमध आणली, तिच्याखाली वाटीएवढा खळगा केला, आत भोकं पाडलेले दोन आडवे पडदे घातले, म्हणजे डिझेल एकदम एका टोकाला धावणार नाही. जुने तांब्याचे वॉशर त्याने लालबुंद तापवून पाण्यात सोडले. मऊ पडले की ते पुन्हा नीट बसतात.

शेवटी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. फेस संपून स्वच्छ धार आली तसा स्क्रू आवळला.

नाल्यावर टाकीत मुद्दाम चार बोटं डिझेल ठेवलं होतं. जीप अर्ध्या काठावर उभी केली, नाक वर, इंजिन चालू. मिस्त्री उकिडवा बसून नळीकडे पाहत होता. बिडी संपेपर्यंत तो उठला नाही. मग आत हात घालून त्यानेच स्टॉपर ओढला.