एक बाजू सपाट

आमच्या पिंपरी-चिंचवडकडचा रविवार बरेचदा गुरुवारी येतो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे दाढी-कटिंग, लग्नाची बोलणी, मटण सगळे त्याच वारी. या सुट्टीच्या सकाळी प्राधिकरणातल्या गल्ल्यांतून अलीकडे एक नवा आवाज येऊ लागला आहे. मिक्सरच्या जातीचा, पण त्याहून कर्कश. सुतारकामाच्या छोट्या जॉइंटरचा तो आवाज. आपले सुतार त्याला रंधा मशीन म्हणतात, कुणी सरफेस प्लेनर म्हणते. असे एक यंत्र चार वर्षांपासून माझ्याही गॅरेजमध्ये आहे, तेव्हा शेजाऱ्यांचे म्हणणे मला ऐकून ठाऊक आहे.

हातरंध्यात लाकूड जागेवर असते आणि पाते चालते. इथे उलटे. टेबलाच्या फटीत पाती गरगरत असतात आणि फळी आपण त्यांच्यावरून ढकलायची. टेबले दोन. अलीकडचे किंचित खाली, पलीकडचे बरोबर पात्यांच्या टोकाच्या पातळीत. दोहोंमधला फरक म्हणजे एका खेपेत निघणारा छिलका. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवला की यंत्रही खूश आणि फळीही. सहा इंच रुंदीच्या या घरगुती यंत्रांत पात्यांचा रूळ मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो.

एवढा थाट करून हे यंत्र काम किती करते? एक बाजू सपाट करते, आणि तिला काटकोनात एक कड सरळ करते. बस्स. फळीची जाडी सगळीकडे सारखी करणे हे त्याचे काम नाही, त्यासाठी थिकनेस प्लेनर वेगळा. हे ठाऊक नसलेली माणसे दोन्ही बाजू यावरच घासत बसतात. मग फळी एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला पातळ झाली की दुकानदाराला फोन करतात.

हा नाद आमच्याच भागात का फोफावला, याचे एक कारण लाकूड. बजाजचा चाकणचा कारखाना 1999 साली सुरू झाला. 2009 मध्ये मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगनही तिथे आल्या. परदेशातून येणारी यंत्रे आणि सुटे भाग पाइनच्या खोक्यांत येतात. माल बाहेर निघाला की खोकी भंगारात जातात. चिखलीची कुदळवाडी ही अशा मालाची पंढरी होती. महापालिकेने 2025 च्या फेब्रुवारीत तिथली हजारो बांधकामे पाडली, व्यापारी पांगले, आणि आता फळ्यांसाठी हिंडावे लागते. मिळाल्या की आधी शिक्का पाहावा. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवलेले असते, ते खुशाल घ्यावे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. तसली फळी मी घरात आणत नाही. मग लोहचुंबक फिरवून खिळे शोधायचे. एक खिळा राहिला तर पात्याला दाता पडतो, आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्याची रेघ उमटत राहते. जुने सागवान मिळाले तर उत्तमच, पण सागात सिलिका असते, पाती लवकर बोथट होतात.

दुसरे कारण माणसे. 1966 साली टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पिंपरीत आली. तिच्या आणि तिच्या आगेमागे आलेल्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये, पॅटर्न शॉपमध्ये इथल्या दोन पिढ्या घडल्या. ओतकामासाठी लाकडी नमुना करणारा पॅटर्नमेकर हा तर सुतारांतला गणिती. ओतलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. त्यासाठी त्याची फूटपट्टीही मुळातच तेवढी लांब आखलेली असते. असा माणूस निवृत्त झाल्यावर नुसता नाना-नानी पार्कात बसेल कसा?

आमच्या गल्लीतले मामा तसेच. माझे यंत्र आले तेव्हा त्याची दोन टेबले समांतर नव्हती. विक्रेत्याने सांगितले, “लाकडाला एवढं चालतं.” मामांनी पोलादी सरळपट्टी आडवी ठेवली, फटीत फीलर गेज सरकवले आणि म्हणाले, “साहेब, तीन दशांश मिलिमीटर. तुमच्या बँकेत चाललं असतं का?” मग त्यांनी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापला. तो साधारण एक दशांश मिलिमीटरचा असतो. त्याच्या तीन पट्ट्या टेबलाच्या बैठकीत सारल्या आणि फळीचा बाक गेला.

मामांच्या उजव्या हाताची दोन बोटे पहिल्या पेरापर्यंतच आहेत. अठराव्या वर्षी भोसरीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये ती गेली. हे जुने झाले म्हणावे तर तसे नाही. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था 2019 पासून वाहनउद्योगातल्या अपघातांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे, आणि त्यांत पॉवर प्रेसखाली बोटे गमावलेल्या कामगारांच्या कहाण्या पानोपानी आहेत.

रंधा मशीनची बोटांशी ओळख त्याहून जुनी. पूर्वी त्याचा रूळ चौकोनी असे. कोपऱ्यांमुळे फट मोठी राही आणि घसरलेला हात थेट आत ओढला जाई. हाताने फळी ढकलायच्या यंत्रांना गोल रूळ हवाच, असा नियम ब्रिटनने 1922 साली केला. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाखालच्या नियमांतही गोल रूळ आणि फटीवर झाकण यांची सक्ती आली. पण हे सगळे कारखान्याला. गॅरेजमध्ये इन्स्पेक्टर येत नाही. तिथे झाकण काढणारेही आपण आणि पाहणारेही आपणच. विक्रीच्या व्हिडिओंत ‘नीट दिसावे म्हणून’ झाकण काढून ठेवतात, आणि नवशिके तेवढेच शिकतात. मला याचा संताप येतो.

माझ्याकडे शिरस्ता ठरलेला आहे. फुटापेक्षा आखूड आणि अर्ध्या इंचापेक्षा पातळ तुकडा यंत्रावर चढवायचा नाही, तो हातरंध्याने करायचा. पात्यांवरून तळवा न्यायचा नाही, मुठीचे ठोकळे वापरायचे. हातमोजे नाहीत, झब्बा नाही. कानात बोळे. नातवंडे असतील तर प्लग काढलेला. पावसाळ्यात टेबलांवर मेण चोळायचे, नाही तर आठवड्यात गंज चढतो.

घ्यावे का, असे पुष्कळजण विचारतात. वर्षाला एखादा टीपॉय करणार असाल तर मुळीच नको. वखारीत चार पैसे देऊन फळ्या रंधून आणा. पण फळी ओबडधोबड आणून तिच्यात काय दडले आहे हे पाहण्याची चटक असेल, तर घ्या, आणि पहिले चार दिवस नुसती टेबले जुळवण्यात घालवा.

मामांचे सध्या पाइनचे पाट चालले आहेत. नातीचे लग्न आहे. रुंद पाटासाठी दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवाव्या लागतात. परवा त्यांनी कडा काढल्या, फळ्या एकमेकींवर उभ्या धरून बल्बसमोर नेल्या आणि उरलेल्या दीड बोटांनी एका जागी खूण केली. तिथून केसाएवढा उजेड येत होता. अजून एक खेप झाली. पुन्हा बल्ब. या वेळी काही दिसले नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे फेव्हिकॉलचा डबा मागितला.